वळवाचा पाऊस, अंदाजांतील ‘शक्यता’ आणि शेतकरी

चैत्राची पालवी जून झाली, ऊन चढणीस लागलें आणि तिसऱ्या प्रहरीं क्षितिजावर ढगांचे काळे डोंगर उभे राहूं लागले, म्हणजे देशावरील शेतकऱ्याच्या मनांत एकाच वेळीं दोन विरुद्ध इच्छा उत्पन्न होतात. नांगरून टाकलेल्या रानाकडे पाहून तो म्हणतो, ‘आतां एक चांगला वळीव पडावा’. आणि काढून पसरलेल्या कांद्याकडे पाहून म्हणतो, ‘आणखी आठ दिवस पडूं नये.’ एकाच घराचीं हीं दोन मागणीं एकाच आभाळाकडे जातात, आणि त्यांपैकीं कोणतें मान्य झालें हें सायंकाळपर्यंत कळत नाहीं.

या दिवसांत हवामान खात्याकडून जो अंदाज येतो त्याची भाषा बहुधा ठराविक असते: ‘तुरळक ठिकाणीं मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस पडण्याची शक्यता.’ हें वाक्य आतां घरोघरच्या मोबाईलवर येऊन पडतें. परंतु त्याचा अर्थ फार थोड्यांच्या ध्यानांत येतो. अंदाज आला व आपल्या शिवारांत थेंबही पडला नाहीं, तर पारावर एकच निकाल दिला जातो, कीं खातें खोटें. उलट, अंदाज न पाहतां स्वस्थ बसलों व माल भिजला, तर तोच पार म्हणतो, कीं खात्यानें नीट सांगितलें नाहीं. खात्याची वकिली करण्याचें मला प्रयोजन नाहीं. त्याचे अंदाज चुकतात हेंही खरें. परंतु ज्या शब्दाचा अर्थ आपण लावून घेतला नाहीं त्या शब्दावर खोटेपणाचा आरोप ठेवणें न्यायाचें नव्हे, आणि मुख्य म्हणजे त्यांत आपलाच तोटा आहे. म्हणून ‘शक्यता’ या शब्दाचा शेतकऱ्याच्या खळ्यावर उपयोग काय, हें प्रस्तुत लेखांत मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम वळीव पडतो कसा तें पाहूं. पावसाळ्यांतील पाऊस समुद्रावरून येणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्यांच्या जोरावर पडतो. तो शेंकडों मैल पसरतो व दिवसचे दिवस टिकतो. वळवाची जात निराळी. मार्च ते मे या महिन्यांत दख्खनचें पठार भट्टीसारखें तापतें व जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढूं लागते. नुसत्या कोरड्या हवेचा ढग होत नाहीं. परंतु बंगालच्या उपसागराकडून येणारे दमट वारे आणि वायव्येकडून येणारे कोरडे, उष्ण वारे यांची गांठ मध्य महाराष्ट्र, मराठवाडा किंवा विदर्भ यांवर कोठें तरी पडली, म्हणजे वर चढणारी हवा आपल्याबरोबर पाणी घेऊन चढते. दोनप्रहरीं कापसाच्या गंजीसारखा दिसणारा ढग तास-दीड तासांत बारा ते पंधरा किलोमीटर उंच होतो. त्याच्या माथ्यावर बर्फ असतो. पोटांत वर जाणाऱ्या व खालीं येणाऱ्या वाऱ्यांची घुसळण चालते. आणि त्या घुसळणींत बर्फाचे कण एकमेकांवर आपटून वीज उत्पन्न होते. पुढें पावसाबरोबर थंड झालेली हवा खालीं कोसळते, व पहिला थेंब पडण्यापूर्वींच धुळीचा लोट उठवून देणारें वादळ आपल्या अंगावर येतें. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत गारांचें भय विशेष, आणि पुढें वाऱ्याचें. जळगांवकडील केळीच्या बागा घटकेंत आडव्या होतात त्या या वाऱ्यानेंच. सर्व मुलखांत वळीव सारखा नसतो, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे. खानदेशापेक्षां कोल्हापूर, सांगली, बेळगांव या बाजूस त्याचें प्रमाण बरेंच अधिक आहे.

असा एक ढग रुंदीनें पांच-दहा किलोमीटरांचा आणि आयुष्यानें तास-दोन तासांचा. बैलाचें एक शिंग भिजतें व दुसरें कोरडें राहतें असें जें आपण म्हणतों, तें वळवास अक्षरशः लागू आहे. सकाळीं खातें एवढें सांगूं शकतें, कीं आज जिल्ह्यांत असे ढग उठण्यास हवा अनुकूल आहे. परंतु ढग कोणत्या गांवावर उठेल हें तेव्हां सांगणें, म्हणजे चुलीवर ठेवलेल्या पाण्याचा पहिला बुडबुडा भांड्याच्या कोणत्या कोपऱ्यांतून उठेल हें सांगण्यासारखें आहे. ढग एकदां उठला, म्हणजे मात्र तो रडारला दिसतो, आणि मग पुढील तीन तासांपुरती तात्कालिक सूचना देतां येते. सकाळचा अंदाज आणि दुपारची ही सूचना या दोन निराळ्या वस्तु आहेत. पहिलीवरून दिवसाच्या कामाची आंखणी करावी. दुसरीवरून हातांतलें काम टाकावें. आपण बहुधा पहिलीवर रागावतों व दुसरी पाहतच नाहीं.

आतां शब्दांचा अर्थ. ‘तुरळक ठिकाणीं’ याचा खात्याच्या परिभाषेंत अर्थ असा, कीं त्या विभागांतील पर्जन्यमापन केंद्रांपैकीं शेंकडा २५ किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस होईल. ‘कांहीं ठिकाणीं’ म्हणजे शेंकडा २६ ते ५०. ‘बऱ्याच ठिकाणीं’ म्हणजे ५१ ते ७५. आणि ‘बहुतेक ठिकाणीं’ म्हणजे ७६ ते १००. तेव्हां ‘तुरळक’ असा अंदाज असून चार गांवांपैकीं तीन गांवें कोरडीं राहिलीं, तर तो अंदाज चुकला नसून बरोबर उतरला असें म्हणावें लागेल. तीच गोष्ट रंगांची. हिरवा म्हणजे भय नाहीं, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे तत्काळ कृति करा. पाऊस किती इंच पडेल याचा हा आंकडा नव्हे. आपण किती सावध असावें याची ही खूण आहे. पिवळा रंग पाहून हंसणारा आणि पिवळा रंग पाहून कच्चा कांदा उपटणारा, या दोघांनींही ती खूण वाचलेली नसते.

येथें कोणी असें विचारील, कीं चार गांवांत एखाद्याच गांवीं पाऊस येणार असेल, तर रोज ताडपत्री ओढीत कोणी बसावें? प्रश्न योग्य आहे. त्याचें उत्तर हिशेबानें द्यावें. समजा, खळ्यावर ४०,००० रुपयांचा माल पडला आहे व भिजल्यास त्याची निम्मी किंमत जाते. म्हणजे तोटा २०,००० रुपयांचा. झांकण्या-उघडण्यास मजुरी व खोळंबा मिळून ५०० रुपये लागतात असें धरूं. आपल्याच खळ्यावर पाऊस येण्याचा संभव दहांत एक मानला, तरी दहा वेळां झांकण्याचा खर्च ५,००० आणि वांचलेला तोटा २०,०००. नऊ वेळां ताडपत्री फुकट ओढली असें वाटेल. परंतु ती फुकट गेलेली नसते, तो दहाव्या वेळेचा आगाऊ भरलेला हप्ता असतो. टोकण करितांना आपण एका जागीं दोन-तीन बिया टाकतों, कारण त्यांतील एखादी उगवणार नाहीं हें आपणांस ठाऊक असतें. तेथें शक्यतेचें गणित आपण न शिकतां करितों. मग आभाळाच्या बाबतींतच तें कां विसरावें?

हाच हिशेब उलट बाजूनेंही सांगतो. भयाची शक्यता थोडी आणि उपायाची हानि निश्चित, तर तो उपाय करूं नये. निम्म्याहून अधिक माना पडल्याशिवाय उपटलेला कांदा चाळींत टिकत नाहीं. तेव्हां अंदाजाच्या भीतीनें तो आधींच काढणें म्हणजे पाऊस न पडतांच नुकसान करून घेणें होय. उलट, माना पडल्या असून दोन दिवसांत वादळाची सूचना असेल, तर काढणी तेवढी पुढें ढकलणें बिनखर्ची असतें. काढणीपूर्वीं पंधरा-वीस दिवस पाणी तोडणें, काढलेला माल सखल जागीं न टाकणें, कडब्याच्या गंजीचा माथा उतरता ठेवणें, हळद व बेदाणा वाळत असतां आच्छादन हाताशीं ठेवणें, हीं कामें अंदाज येवो वा न येवो, केलींच पाहिजेत. यांतील बरींच कामें आपल्या वडिलांस माहीत होतीं; फरक एवढाच, कीं तेव्हां माल थोडा व हात पुष्कळ होते, आज माल पुष्कळ व हात थोडे आहेत.

वळवास केवळ शत्रु मानणेंही बरोबर नव्हे. त्याच्या एका चांगल्या सरीनें नांगरटींतील ढेकळें विरघळतात आणि कुळवणी हलकी होते. तणाचें बीं उगवून येतें व पुढच्या पाळींत मोडून जातें. हुमणीच्या बंदोबस्ताची वेळही हीच. पहिल्या वळवानंतर भुंगेरे सायंकाळीं जमिनींतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात. त्या रात्रीं फांद्या हलवून ते गोळा केले व रॉकेल मिसळलेल्या पाण्यांत टाकले, तर पुढची अळी जन्मासच येत नाहीं. कारण एक मादी पन्नास-साठ अंडीं घालते. मात्र हें काम एकट्यादुकट्याचें नाहीं. मीं माझ्या बांधावरचा निंब झाडला व शेजाऱ्यानें झाडला नाहीं, तर दोघांचाही ऊंस वाळणार.

पण वळवाच्या ओलीवर पेरणी करणें ही मात्र जुगाराची गोष्ट होय. कृषि खात्याची शिफारस ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरावें अशी आहे, व ती अनुभवास धरून आहे. २०२५ सालचें उदाहरण ताजें आहे. त्या वर्षीं मे महिन्यांतच राज्यांत विलक्षण पाऊस झाला. मोसमी वारे केरळांत २४ मे रोजीं व मुंबईस २६ मे रोजीं येऊन ठेपले. शेतांत व चाळींत उन्हाळ कांदा सडला, आणि मशागतीस वाफसा मिळेना. इतकें होऊनही पुढें जूनच्या मध्यापर्यंत मोसमी वाऱ्यांची वाटचाल थबकली. ज्यांनीं मृगापूर्वींच घाई केली त्यांचें बीं त्या खंडांत सांपडलें. रोहिणींत पडला म्हणजे मृगांत पडेलच असें नव्हे. आणि पंचांगांतील नक्षत्राचें वाहन कोणतें, यावरूनही तें ठरत नाहीं. जमिनींत वीतभर ओल गेली आहे कीं नाहीं, हें कुदळीनें पाहावें.

येथपर्यंत मालाचा विचार झाला. आतां माणसाचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत नैसर्गिक कारणांनीं ८,०६० माणसें दगावलीं. त्यांपैकीं २,८८७ एकट्या विजेनें. पूर, उष्मा, थंडी, दरडी यांची भीति आपण घेतों. पण सर्वांत अधिक बळी घेणारी ही आपत्ति आपण दैवावर सोंपवून मोकळे होतों. विजेनें मरणारा बहुधा शेतांत, झाडाखालीं किंवा गुरांमागें असतो. झाडाचा आसरा पावसापासून वांचवितो, विजेपासून नव्हे. वीज झाडांतून जमिनींत उतरते व भोंवतालीं पसरते; म्हणून जनावर, ज्याचे पुढील व मागील पाय दूर असतात, तें अशा वेळीं लवकर मरतें. गुरें झाडास बांधून ठेवूं नयेत ती याच कारणानें.

ओळखावयाची रीत सोपी आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे. तीन सेकंदांस सुमारें एक किलोमीटर हा हिशेब. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे; हातांतील काम टाकून पक्क्या घरांत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ हें मोबाईलवरील साधन जवळपास पडणाऱ्या विजेची आगाऊ सूचना देतें; तें घरटीं एकाच्या तरी मोबाईलवर असावें. रानांत पक्कें घर नसेल, तर एकटें झाड, उंचवटा, विहीर, तारेचें कुंपण व पंपाची पेटी यांपासून दूर, पाय जुळवून उकिडवें बसावें. जमिनीवर आडवें पडूं नये.

हे नियम पुष्कळांनीं ऐकले आहेत. मग ते पाळले कां जात नाहींत? याचें खरें कारण अज्ञान नसून मजुरी हें आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. कांदा काढणाऱ्या बाया आभाळ भरून आलेलें पाहतात. पण काम सोडून गेलें तर दिवस अर्धा धरला जाईल, या भयानें त्या वाफ्यांतून उठत नाहींत. मालकही, पाऊस येण्यापूर्वीं तेवढें आटोपूं द्या, म्हणून घाई करितो. म्हणजे ज्या घटकेस रानांत कोणीही असूं नये, नेमक्या त्याच घटकेस सर्वांत अधिक माणसें रानांत असतात. उठावें कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हातीं, तो बहुधा बांधावर किंवा घरीं असतो. वीज पडते ती वाफ्यांत. तेव्हां गडगडाट सुरू होतांच काम थांबविणें हें मालकाचें कर्तव्य मानावें, आणि त्यामुळें बुडालेल्या तासांची मजुरी कापूं नये. दोन-तीन तासांची मजुरी ही कांहीं कोणास भिकेस लावणारी रक्कम नव्हे. खळ्यावरील मालासाठीं आपण पांचशें रुपये खर्चण्यास तयार होतों, मग वाफ्यांतील माणसासाठीं कां होऊं नये?

आतां नुकसान झाल्यावरची गोष्ट. महसुली दफ्तरांत लेखणी झिजविली असल्यामुळें या बाबतींत दोन शब्द सांगण्याचा मला अधिकार आहे असें वाटतें. २०१४ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्र यांवर जी गारपीट झाली, तिनें गहूं, हरभरा, ज्वारी, द्राक्षें, डाळिंबें यांची धूळधाण केली. पुढें २०१५ सालीं केंद्र सरकारनें मदतीसाठीं पिकाच्या हानीची मर्यादा शेंकडा ५० वरून ३३ वर आणिली, ही चांगली सुधारणा झाली. परंतु दोन अडचणी अद्याप शिल्लक आहेत. पहिली अशी, कीं पाऊस मोजला जातो महसूल मंडळाच्या ठिकाणीं. ‘महावेध’ योजनेखालीं राज्यांत दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रें झालीं, हें खरें. तथापि एका मंडळांत अनेक गांवें असतात, आणि वळवाचा ढग मंडळाची हद्द ओळखीत नाहीं. मंडळाचें यंत्र कोरडें व चार कोसांवरचें शिवार उध्वस्त, असें सहज घडतें. शिवाय गारा व वारा हीं पर्जन्यमापकाच्या नळींत मावत नाहींत.

दुसरी अडचण अशी, कीं पंचनाम्याचा हिशेब क्षेत्राचा असतो. उभें पीक हेक्टर-आरांत बसतें. परंतु काढून रानांत पसरलेला कांदा किंवा खळ्यावरची रास कोणत्या रकान्यांत लिहावी? पुष्कळ तंटे येथेंच उपजतात. लिहिणाऱ्यास दोष देऊन काम भागत नाहीं; रकानाच नसेल तर लेखणी चालणार कशी? काढलेल्या परंतु घरीं न आलेल्या मालासाठीं पंचनाम्यांत स्वतंत्र रकाना असावा, ही मागणी शेतकरी संस्थांनीं एकमुखानें केली पाहिजे. तोंवर आपणही आपल्या बाजूनें पुरावा राखावा. गारा तासाभरांत विरघळतात, पडलेले आंबे दुसऱ्या दिवशीं वेंचले जातात. आणि ज्यास आपण तलाठी म्हणत आलों तो ग्राममहसूल अधिकारी तिसऱ्या-चवथ्या दिवशीं येतो. म्हणून त्याच दिवशीं छायाचित्र घ्यावें. गट नंबर, तारीख, वेळ, पिकाची अवस्था हीं वहींत टिपून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्या. २०२१ सालीं राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणीची नोंद वेळेवर केलेली असावी. सातबाऱ्यावर पीकच नसेल, तर त्याचें नुकसान कागदावर दाखविणें फार कठीण जातें.

या सर्वांवरून आपल्या संस्थेस माझ्या चार सूचना आहेत. पहिली: गांवोगांव एक साधा पर्जन्यमापक बसवावा, व रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्याची नोंद एका बांधीव वहींत करावी, गारा, वादळ व विजेची वेळही तींत लिहावी. अशी वही पांच-सात वर्षें अखंड राहिली, तर ती कोणासही सहज नाकारतां येणार नाहीं. दुसरी: अंदाज वाचून त्याचा अर्थ सांगणारा एक माणूस प्रत्येक गांवीं नेमावा, सकाळचा अंदाज फळ्यावर, आणि दुपारची तात्कालिक सूचना ध्वनिक्षेपकावरून द्यावी. तिसरी: मोठ्या ताडपत्र्या संस्थेनें सामाईक घेऊन अल्प भाड्यानें द्याव्या, म्हणजे लहान शेतकऱ्यासही वरील हिशेब परवडेल. चवथी, व माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची: विजेच्या कारणानें थांबलेल्या कामाची मजुरी कापणार नाहीं, असा ठराव संस्थेच्या सभासदांनीं करावा व तो पाळावा.

भारतीय हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें, आणि केवळ शेतीच्या उपयोगासाठीं पुण्यास त्याची स्वतंत्र शाखा १९३२ सालीं निघाली. शास्त्र आपल्या दारीं येऊन इतकीं वर्षें झालीं. त्याचें बोलणें समजून घेण्याचें काम मात्र आपलेंच आहे. वळीव कोठें पडावा हें आपल्या हातीं नाहीं. तो पडेल तेव्हां खळें उघडें असावें कीं झांकलेलें, आणि वाफ्यांत माणूस असावें कीं नसावें, एवढें मात्र आपल्या हातीं आहे. आणि वैशाखांतील दुपारीं तेवढेंच पुरेसें असतें.